नेटबॉल खेळून पोरीचं पुढे काय होतं? (भाचीसाठी विचारतेय)

बंदरावरची_आत्या | १४ जुलै

नमस्कार मंडळी. हा धागा आधी चुकून पाककृती विभागात पडला होता. संपादकांनी उचलून इथे आणला, त्यांचे आभार.

तर आमची बाय. दादाची मुलगी, नववीत आहे, मालवणजवळच्या एका शाळेत. उंची ५ फूट ९ इंच, आणि अजून थांबायचं नाव नाही. गेल्या वर्षापर्यंत शेवटच्या बाकावर पोक काढून बसायची. घरी आली की एकच प्रश्न, "आत्या, उंची कमी करूचा औषध असता काय गो?" वाडीतले लोक तर विचारूच नका. कोणी म्हणतं "नारळ पाडूक आता शिडी नको", कोणी "हिका नवरो खयचो गावतलो" म्हणून आत्तापासून झुरतंय.

जूनमध्ये शाळेत खेळाचे नवे सर आले. पहिल्याच तासाला तिला रांगेतून बाहेर बोलावलं नि हात वर करायला सांगितलं. हिला वाटलं शिक्षा झाली. सर म्हणाले, "उद्यापासून नेटबॉल."

आता रोज संध्याकाळी उशिरा घरी येते, गुडघे लाल मातीने माखलेले, आणि पाठ मात्र ताठ. मला यातच आनंद आहे. पण दादाचं म्हणणं वेगळं. "खेळायचंच तर कबड्डी खेळ, भरतीला तरी उपयोग होईल. हा खेळ जगात खेळतो कोण?" वहिनी अजून त्याला 'नेटचा खेळ' म्हणते आणि मोबाइल लपवून ठेवते.

दादाला काय उत्तर देऊ? या खेळात देशाकडून खेळणाऱ्या मुलीचं आयुष्य कसं असतं, कोणाला काही माहीत आहे का?

---

कोकमकढी | १४ जुलै

थ्रोबॉलच ना हा? आम्ही कॉलेजात खेळायचो. मधे जाळी, इकडून तिकडे फेकायचा.

---

कातळपाऊल | १४ जुलै

नाही हो काकू. थ्रोबॉलची जाळी मैदानाच्या मधोमध, याची खांबाच्या टोकाला.

नेटबॉल बास्केटबॉलच्या घरातला. १८९१ साली अमेरिकेत बास्केटबॉल जन्मला, काही वर्षांतच इंग्लंडमधल्या मुलींच्या व्यायाम महाविद्यालयात पोचला, आणि तिथे त्याचं रूप पालटलं. ७ जणींचा संघ. १५ मिनिटांचे ४ डाव. रिंग बास्केटबॉलइतकीच उंच, ३.०५ मीटर, पण व्यासाने लहान आणि मागे फळी नाही. म्हणजे टप्पा मारून बॉल आत ढकलायची सोय नाही, वरून कमान काढूनच टाकावा लागतो. बॉल आपटत पळता येत नाही. हातात आला की ३ सेकंदांत सोडायचा. समोरची बचाव करणारी ०.९ मीटरवर, साधारण एक पाऊल दूर, उभी राहणार. तिने बॉलवाल्या मुलीला हात लावला की पेनल्टी.

प्रत्येकीच्या अंगावर जागेची अक्षरं असतात आणि त्या जागेची हद्द ठरलेली. जीएस (गोल शूटर) आणि जीए (गोल अटॅक) या दोघींनाच गोल करता येतो, तोही रिंगभोवतीच्या अर्धवर्तुळात उभं राहून. भाची कुठे खेळते? उंची बघता जीएस नाहीतर जीके (गोलकीपर) असणार. एक रिंगखाली गोल करते, दुसरी तो अडवते.

---

गजाली_सांगणारो | १५ जुलै

गे आत्या, माझी एक गजाल ऐक. आमच्या वक्ताक ह्या असला काय नाय होता. आट्यापाट्या नि हुतूतू, संपलो खेळ. माझी मोठी भयण अशीच उंच. तिका आवशीन धा वर्सां "वाकान चल, वाकान चल" सांगल्यान. आता ती साठीची आसा, पाठ सरळ होणा नाय. तुमच्या चेडवाक कोणीतरी "हात वर कर" सांगल्यान, ह्याच माका लय बरां वाटलां. पोलीस भरती मगे बघूया.

---

बंदरावरची_आत्या | १५ जुलै

गजालीकाका, तुमचा प्रतिसाद दादाला वाचून दाखवला. काही बोलला नाही, पण चहा परत मागितला. म्हणजे विचार करतोय.

कातळपाऊल, जीएस आहे. म्हणजे सर म्हणतात आहे, ती म्हणते "मी नुसती खांबाखाली उभी असतंय".

---

दिल्लीपलटण | १५ जुलै

जगात कोण खेळतं? २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलच्या वेळी मी तिथे नोकरीला होतो. कॅन्टीनमधल्या एकाने नेटबॉलच्या अंतिम सामन्याचं तिकीट गळ्यात मारलं, हॉकीचं मिळालं नाही म्हणून गेलो. त्यागराज स्टेडियम. ऑस्ट्रेलिया विरुद्ध न्यूझीलंड. बरोबरी, म्हणून जादा वेळ. परत बरोबरी, म्हणून आणखी जादा वेळ. शेवटी न्यूझीलंड ६६-६४. विजयी गोल मारिया टुटाइयाचा. माझ्या शेजारी बसलेले दोन सरदारजी, त्यांनाही नियम माहीत नव्हते, पण शेवटच्या मिनिटाला तिघेही खुर्चीवर उभे.

त्या स्पर्धेत आपला संघही होता, यजमान म्हणून. कर्णधार प्राची तेहलान, दिल्लीचीच, तेव्हा जेमतेम १७ वर्षांची. आधी बास्केटबॉल खेळायची. आपण सगळे सामने हरलो, ते सोडा. पुढच्याच वर्षी दक्षिण आशियाई बीच गेम्समध्ये तिच्या नेतृत्वाखाली रौप्य मिळालं. नंतर ती टीव्ही मालिकांत आणि सिनेमात गेली. म्हणजे आपल्याकडच्या कर्णधाराचं 'करिअर' शेवटी दुसरीकडेच झालं, हेही दादांना प्रामाणिकपणे सांगा.

---

साधा_हिशोब | १५ जुलै

कटू बोलतो, राग मानू नका. नेटबॉल ऑलिंपिकमध्ये नाही. एशियाडमध्येही नाही. सरकारचं बक्षीस, मोठ्या नोकऱ्या, पेपरात फोटो, सगळं त्या दोन स्पर्धांभोवती फिरतं. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावीला सवलतीचे गुणही मिळतात, पण कुठला खेळ, कुठल्या पातळीची स्पर्धा, कुठला क्रमांक यावर सगळं अवलंबून. ताजा शासन निर्णय घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा आणि बोट ठेवून विचारा. सर सांगतात म्हणून विसंबू नका. माझ्या पुतण्याची वेगळ्याच खेळातली ५ प्रमाणपत्रं पडताळणीत बाद झाली. त्याने ती भिंतीवर लावली होती, आता काढून ठेवलीत.

तुमचे दादा चुकीचे नाहीत.

---

गुहागरी_घाट | १६ जुलै

साधा_हिशोब यांचा हिशोब बरोबर आहे, पण खातं चुकलंय. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी तुलना केली तर आपण हरलोच. जरा दक्षिणेला बघा.

थर्जिनी शिवलिंगम हे नाव ऐकलंय का? श्रीलंकेची, जाफनाकडची तमिळ मुलगी. उंची ६ फूट १० इंच. होय, इंच मोजूनच लिहितोय. युद्धाच्या काळात वाढली. शाळेत उंचीवरून इतकं चिडवायचे की जाणं नको व्हायचं. आत्या, ओळखीचं वाटतंय ना? खेळात आली तीही उशिरा, कोलंबोत बँकेच्या संघाकडून. तिकडे कंपन्या आणि बँकांचे नेटबॉल संघ असतात, नोकरी करायची आणि संध्याकाळी खेळायचं. आपल्याकडे एके काळी कबड्डी-खोखोला रेल्वे आणि बँका होत्या, तसंच.

२००९ मध्ये श्रीलंकेने आशियाई अजिंक्यपद जिंकलं, ती संघात. मग मधे बरीच वर्षं कोरडी. ती ऑस्ट्रेलियात जाऊन तिथल्या लीगमध्ये खेळली. २०१८ मध्ये ती संघात परतली आणि श्रीलंकेने पुन्हा आशियाई अजिंक्यपद घेतलं, सिंगापुरात. तेव्हा ती ३९ वर्षांची होती.

आता खरा मुद्दा. २०१९, लिव्हरपूलचा विश्वचषक. १६ संघ. श्रीलंका शेवटून दुसरी, १५ वी. आणि सबंध स्पर्धेत सगळ्यांत जास्त गोल कोणाचे? थर्जिनीचे, ३४८. चाळिशीची बाई, हरणाऱ्या संघातून, जगातल्या सगळ्या शूटर्सच्या पुढे.

हे कसं जमतं ते त्या सामन्यांच्या चित्रफिती काढून बघा. ती उडी मारतच नाही. रिंगखाली एक जागा धरते, पाठीने बचाववालीला मागे ठेवते, एक हात वर. बॉल येतो तो इतरांच्या डोक्यावरून, फक्त तिच्याच हाताला लागेल अशा उंचीवर. झेलला की खाली आणत नाही, वरच्या वर रिंगमध्ये सोडते. एवढंच. दिसायला काहीच नाही. म्हणून भाची "नुसती उभी असतंय" म्हणते ना, तिला सांगा की ती उभी राहण्याची जागा कमवावी लागते. आणि अंगात कितीही उंची असली तरी मधल्या फळीने बॉल वर टाकला नाही तर शूटर म्हणजे माळरानावरचा एकटा माड. मोठे संघ थर्जिनीला अडवतच नसत, तिला बॉल देणाऱ्या मुलींना अडवत.

---

कोकमकढी | १६ जुलै

६ फूट १०!! आमच्या घराचा दरवाजा ६ फुटांचा आहे. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

---

यारातीरी_देवगडकर | १७ जुलै

मेलबर्नहून लिहितोय. मूळ देवगड, त्यामुळे आंब्यावरून भांडण असेल तर वेगळा धागा काढा.

इथे शनिवारी सकाळी कुठल्याही उपनगरात जा, १०-१२ कोर्ट शेजारी शेजारी आणि सगळीकडे शिट्ट्या. माझी मुलगीही त्यात. तरीसुद्धा पैशाच्या बाबतीत गैरसमज नको. आधीच्या पिढीतल्या जवळपास सगळ्या नोकरी सांभाळून खेळल्या. लिझ एलिस, इतकी वर्षं ऑस्ट्रेलियाची गोलकीपर आणि कर्णधार, पेशाने वकील. आयरीन व्हॅन डाइक, या खेळातलं बहुधा सगळ्यांत मोठं नाव, प्राथमिक शाळेत शिक्षिका. ती आधी दक्षिण आफ्रिकेकडून ७२ सामने खेळली, २००० मध्ये न्यूझीलंडला गेली आणि त्यांच्याकडून १४५. एकूण २१७. २००३ चा विश्वचषक, २००६ आणि २०१० चं राष्ट्रकुल सुवर्ण. दिल्लीपलटण, तुमच्या त्या सामन्यात तीही होती.

२०१७ पासून इथे सुपर नेटबॉल आहे, ८ संघांची व्यावसायिक लीग, बाहेरच्याही मुली येतात. जमैकाची जनील फाउलर पर्थच्या संघाकडून वर्षानुवर्षं गोलांचा पाऊस पाडत आली, १.९८ मीटर उंच. पण २०२३ मध्ये काय झालं? ऑस्ट्रेलियाने केपटाउनला विश्वचषक जिंकला, १२ वा, आणि घरी आल्यावर त्याच मुलींचे करार संपले, नवे ठरेनात. काही आठवडे जगज्जेत्या बिनपगारी होत्या. म्हणजे दादांची शंका मेलबर्नलाही लागू पडते.

दुसरी बाजूही सांगतो. २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुलसाठी खर्च कापून फक्त १० खेळ ठेवलेत. हॉकी गेली, बॅडमिंटन गेलं, कुस्ती, क्रिकेट सगळं गेलं. नेटबॉल राहिला.

---

साधा_हिशोब | १७ जुलै

ग्लासगोत राहिला, पण आपला संघ तिथे आहे का? मग आपल्याला काय त्याचं.

---

गुहागरी_घाट | १७ जुलै

नाही. पण २०२३ ला शेजारी गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यात नेटबॉल होता. मालवणहून गोवा किती लांब? तुम्ही गेला होतात का एक तरी सामना बघायला? मी गेलो नव्हतो. आपणच बघायला जात नाही आणि मग विचारतो, खेळतो कोण.

---

गुडघेदुखी_डॉटकॉम | १८ जुलै

फिजिओ आहे, रत्नागिरीत. करिअरचं नंतर बघा, आधी गुडघे.

या खेळात पळता पळता हवेत बॉल झेलायचा आणि तिथेच थांबायचं. जो पाय आधी टेकला तो उचलला तर बॉल सोडण्याआधी परत टेकवता येत नाही. म्हणजे सगळा वेग एका पायावर जिरवायचा. बास्केटबॉलमध्ये बॉल आपटत दोन पावलं पुढे जाऊन तो वेग सोडता येतो, इथे नाही. म्हणून गुडघ्यातला पुढचा लिगामेंट, ज्याला आम्ही एसीएल म्हणतो, तो फाटणं हे नेटबॉलचं खास दुखणं. उंची झपाट्याने वाढत असलेल्या मुलींना धोका जास्त, कारण हाडं पुढे जातात आणि स्नायू मागून येतात.

वर लिझ एलिसचं नाव आलंय. तिचा एसीएल २००५ मध्ये गेला, मेलबर्नचं राष्ट्रकुल हुकलं, तेही घरच्या मैदानावरचं. वय ३३. लोकांनी तिला संपवली होती. २००७ ला ऑकलंडला न्यूझीलंडला ४२-३८ हरवून विश्वचषक घेतला आणि मगच थांबली, १२२ सामने खेळून. पण तिच्या मागे सर्जन होते, फिजिओ होते, लाकडी कोर्ट होतं.

तुमच्याकडे काय आहे? जांभ्याचा कातळ, वर मातीचा थर, आणि पावसाळ्यात शेवाळ. आत्या, सरांना विचारा की सरावाआधी उडीवरून नीट उतरायचा व्यायाम घेतात का. दोन पायांवर उतरणं, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, आत वळता कामा नये. एका पायावर अर्धी बैठक, आरशासमोर. मांडीच्या मागच्या स्नायूंचं काम. नेटबॉल ऑस्ट्रेलियाने यासाठी 'नी प्रोग्राम' म्हणून व्यायाम इंटरनेटवर मोफत ठेवलेत. १५ मिनिटं लागतात. आणि अनवाणी खेळू देऊ नका, कितीही सवय असली तरी.

---

बंदरावरची_आत्या | २० जुलै

फिजिओसाहेब, काल अनवाणीच खेळत होती. आज दादा स्वतः कणकवलीला जाऊन बूट घेऊन आला. तोंडाने अजून कबड्डीच म्हणतोय.

जाळ्याची एक गंमत सांगते. शाळेकडे खांब एकच, तोही सरांनी गॅरेजवाल्याकडून पाइप जोडून करून घेतलेला. रिंग आहे, जाळी नाही. बायने आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील, उभा जन्म रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) गेला, आता होडी सोडली पण हात सुटत नाहीत. जुन्या निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने ओटीवर बसून एका दुपारीत जाळी विणली. आस (जाळीची भोकं) असे सारखे, की बघत राहावं. शाळेत नेऊन बांधली. बायने पहिला गोल टाकला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बॉल बाहेर येईना! तळ इतका आवळला होता की बॉल आत अडकून बसला. सर काठीने ढोसतायत, पोरी हसतायत. आबांना सांगितलं तर म्हणाले, "मगे? जाळ्यात गेलेला भायर येऊचा होया, ह्या कोणी सांगूक नाय माका."

दुसऱ्या दिवशी तळ सैल करून दिला. पण कुरकुरत.

---

गजाली_सांगणारो | २० जुलै

आबांक माझो नमस्कार सांग. बरोबर बोललो म्हातारो.

---

साधा_हिशोब | २१ जुलै

हे वाचून हसलो. बरं, हिशोबाचीच एक गोष्ट सांगतो. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, संघाची यादी, प्रवेशिका, सगळ्याच्या छायाप्रती त्याच दिवशी काढून ठेवा. नावाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्याशी जुळवा. पुतण्याच्या वेळी आम्ही हे केलं नव्हतं.

---

बंदरावरची_आत्या | १९ ऑक्टोबर

धागा वर आणतेय, क्षमस्व. बऱ्याच जणांनी व्यनितून विचारलं म्हणून.

१७ वर्षांखालच्या गटात जिल्ह्यात पहिल्या आलो. खरं सांगायचं तर जिल्ह्यातून आलेले संघच ३ होते. मग विभागीय. आपला विभाग कोल्हापूर, म्हणजे सांगली-सातारा-कोल्हापूरच्या पोरींशी गाठ. पहाटे ४ ला निघालो, घाटात दोघींना उलट्या. मी सोबत गेले, आणि ऐनवेळी दादाही. "गाडीत जागा आहे म्हणून", असं म्हणाला.

पहिल्याच सामन्यात हरलो, ११-२६. ११ पैकी ९ गोल बायचे. पहिल्या डावात तर एकही नाही. समोरची गोलकीपर हिच्या खांद्याला लागेल एवढीच, पण पायात भिंगरी. बॉल बायपर्यंत पोचेचना. गुहागरी_घाट म्हणाले होते ना, माळरानावरचा माड, तसंच. हात वर करून उभी, आणि बॉल येतोय तो कमरेएवढा. तिसऱ्या डावात आमच्या सेंटरने (मधल्या जागेवर खेळणारी), ती बुटकी आहे एक, देवबागची, शेवटी वैतागून डोळे मिटल्यासारखा उंच फेकला. बायने वरच्या वर घेतला आणि खाली न आणताच सोडला. रिंगला लागलासुद्धा नाही. मग तिला कळलं आणि सेंटरलाही कळलं. पण तोवर ४-२० झालं होतं.

दादा पूर्ण वेळ दोरीला चिकटून उभा. मध्येच ओरडला, "अगो उंच टाक, उंच!" पंचांनी वळून बघितलं.

परतीच्या वाटेवर गगनबावड्याला भजी खाताना विचारतो मला, "ता तीन सेकंद कोण मोजता गो? पंचाच्या हातात घड्याळ नाय होता." मी म्हटलं मला काय माहीत, धाग्यावर विचारते. तर विचारतेय.

गुडघे ठीक आहेत. १५ मिनिटं रोज करते, आबा समोर बसून मोजतात. उंची ५ फूट १० झाली. औषधाचं विचारणं बंद आहे.

---

कातळपाऊल | १९ ऑक्टोबर

पंच मनातच मोजतात. शाळेच्या सामन्यांत एकेकाचे तीन सेकंद पाच सेकंदांचे असतात, त्याला इलाज नाही. ९ गोल पहिल्याच विभागीयला म्हणजे छान!

---

यारातीरी_देवगडकर | २० ऑक्टोबर

त्या देवबागच्या सेंटरला सांभाळा. शूटर उंचीने मिळते, असा बॉल टाकणारी शोधून मिळत नाही.

---

बंदरावरची_आत्या | २० ऑक्टोबर

सांगते तिला. शेवटचा प्रश्न, ५ नंबरचा नेटबॉल कोल्हापूर किंवा गोव्यात चांगला कुठे मिळेल? रबराचा होता तो कातळावर घासून दोन महिन्यांत गुळगुळीत झाला, पावसात हातातून सटकतो. सरांनी ३ सांगितलेत. दादा म्हणतो ४ घे.